शोकेसमधला ससा

रविवारपर्यंत सशाची नीट सोय झाली नाही, तर तो नेऱ्याला मावशीच्या शेतावर जाईल, असं आईने सांगून टाकलं. त्याने वायफायची वायर कुरतडली होती. मला वाद घालता येत नाही, म्हणून मी टेप घेऊन घरभर मापं घेत फिरले. नवीन पनवेलच्या आमच्या फ्लॅटमध्ये एकच जागा सापडली, हॉलमधली शोकेस. खालच्या कप्प्यात पाहुण्यांसाठीचा डिनर सेट होता. तो वापरलेला मी कधी पाहिला नव्हता.

शनिवारी आई बाजारात गेली आणि मी सेट स्वयंपाकघरात हलवला. काचेची दारं काढून जाळी लावली, मधली फळी थोडी मागे सरकवून वर जायला उतरती लाकडी पट्टी बसवली, तळाला जुनी सतरंजी अंथरली. ससा आत शिरला, वर चढला आणि बाबांच्या कॅरमच्या ट्रॉफीशेजारी ऐटीत बसला. मी ओढणी तोंडात कोंबून हसले.

आई आली आणि बघतच राहिली.

"माझा डिनर सेट कुठे आहे?"

"ओट्यावर."

"आणि पाहुणे आले म्हणजे?"

"ते आलेत की," बाबा पेपराआडून म्हणाले. "वरच्या मजल्यावर उतरलेत."

आईने ओठ घट्ट मिटले, तरी हसू फुटलंच. दुपारी आम्ही गुलाबी फुलांच्या प्लेटांत वरणभात जेवलो. जेवण झाल्यावर आईने सेटमधली सगळ्यात लहान वाटी घेतली, तिच्यात कोथिंबीर ठेवली आणि जाळीचं दार स्वतः उघडलं.