धक्क्याचा आकडा

रेस्तितूता माझी धाकटी बहीण. घरात आम्ही तिला तितीना म्हणतो. वर डोंगरात, समुद्रापासून अडीच तासांवरच्या एका गावात ती भूगोल शिकवते. आमच्या घराण्यात सगळे मासे धरणारे, पुस्तकं वाचून पगार घेणारी ही पहिलीच. आणि तिला शिकवलं कुणी? मी. पाचवीनंतर मी बापाच्या होडीवर गेलो म्हणून ती कॉलेजात गेली. नेपल्सजवळच्या आमच्या पोत्सुओलीच्या धक्क्यावर हे माहीत नाही असा माणूस सापडायचा नाही, कारण मीच सगळ्यांना सांगितलंय.

ती बुटकी आहे, आवाज बारीक, केस लवकर पिकले. पण एखादी गोष्ट धरली की सोडत नाही. तीन वर्षं तिने एकच धरलं होतं: वर्गातल्या चोवीस पोरांना आमच्या किनाऱ्यावर आणायचं. ज्वालामुखीचं तोंड दाखवायचं, जमिनीतून निघणारी वाफ दाखवायची, बाजारातले ते जुने खांब दाखवायचे ज्यांना समुद्रातल्या शिंपल्यांनी माणसाच्या डोक्याहून उंचावर भोकं पाडलीयेत. पहिल्या वर्षी भूकंपाचे धक्के बसले, सहल रद्द. दुसऱ्या वर्षी मुख्याध्यापक बदलले, रद्द. हे तिसरं वर्ष. तो वर्ग जूनमध्ये शाळा सोडून जाणार, म्हणजे आता नाही तर त्या पोरांची कधीच नाही.

आमच्याकडे जमीन वर येते आणि खाली जाते. धक्क्यावरची माणसं मात्र असं म्हणत नाहीत. आम्ही म्हणतो, पाणी उतरलं. तितीना यावरून लहानपणापासून भांडते. "दादा, पाणी आहे तिथंच आहे रे. आपण वर चाललोय."

"मग मला चक्कर का येत नाही?" मी म्हणायचो.

त्र्याऐंशी साली असंच वर गेलो होतो. भिंती फाटल्या, सैनिक आले, म्हणाले दोन रात्रींचे कपडे घ्या. आईने चवळी भिजत घातली होती, ती तशीच राहिली. मी चौदा वर्षांचा, तितीना सहा. त्या घरात आम्ही परत कधी गेलो नाही. तितीना रोज विचारायची, कधी जायचं? बाप सांगायचा, दोन रात्री. मीही सांगायचो, दोन रात्री. आठ वर्षांची झाली तेव्हा तिने विचारणं सोडलं. आमच्या घरात तेव्हापासून कुणी गोड खोटं बोललं की ती एवढंच म्हणते, "दोन रात्री."

तर सहलीत माझी होडी होती. पाण्याखाली बुडालेलं जुनं शहर पोरांना वरून दाखवायचं, सहा-सहा जणांच्या चार फेऱ्या. माझ्यासारखा नावाडी त्या खाडीत दुसरा नाही, मग होडी दुसऱ्या कुणाची असणार? मी सगळ्यांना सांगून टाकलं. बियाज्यो काका आमच्या धक्क्यावर जाळी विणतात, ऐंशीच्या पुढचे आहेत. ते म्हणाले, "प्रोकोलो, पोरं येतायत की पोप येतोय? तू तर होडीला रंगसुद्धा दिलास!"

तितीनाचं एक काम मात्र मला दर रविवारी करायचं होतं. धक्क्याच्या काठापासून पाण्यापर्यंत टेप सोडायची, भरतीला एकदा, ओहोटीला एकदा, आणि आकडा फोनवर सांगायचा. पोरं त्याचा आलेख काढायची. पहिला आकडा ओहोटीचा होता, एक मीटर दहा. त्यावरून तिने कागदावर लिहिलं, तीन पायऱ्यांची शिडी पुरेल.

चार महिने मी खरे आकडे दिले, ओहोटीचा दहा-बाराच्या आसपासच असायचा. मग एका रविवारी टेप एक मीटर अठरा दाखवायला लागली. मला वाटलं, हे वर शाळेत कळलं की सहल तिसऱ्यांदा रद्द. मी फोनवर म्हटलं, "एक मीटर अकरा."

"ज्वालामुखीची वेधशाळा तर म्हणतेय जमीन वर चाललीय," ती म्हणाली.

"वेधशाळा धक्क्यावर बसते का? मी बसतो."

ती हसली. पुढच्या रविवारी मी एक मीटर दहा सांगितलं. मग तेच चालू राहिलं, पुढे वर्षभर. पोरांच्या आलेखावर वेधशाळेची रेघ वर चढायची आणि माझी सपाट. पोरांनी वहीत प्रश्न लिहिला होता: बाईंच्या दादाचा धक्का वेगळा का? सहलीला आल्यावर त्याचं उत्तर शोधायचं होतं. हे मला तितीनाने किती कौतुकाने सांगितलं होतं. मीही हसलो होतो.

मार्चमध्ये एका गुरुवारी पाहणीला तिघी आल्या. तितीना, मुख्याध्यापिका कोलांजेलो बाई, आणि पालकांतर्फे अदेलीना, तिची तिकडे बेकरी आहे. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता. बायकोने शिंपल्यांची स्पगेटी करून ठेवली होती. वाफ, खांब, बस कुठे उभी राहील, भूकंपाचा धक्का बसला तर पोरं कुठल्या मैदानात जमतील, सगळं तितीनाने दाखवलं. बसचं तोंड बाहेरच्या रस्त्याकडेच हवं, इथपर्यंत तिने लिहून ठेवलं होतं. कोलांजेलो बाई प्रत्येक गोष्टीवर खूण करत होत्या. मला वाटलं, झालं काम.

शेवटी धक्क्यावर आलो. ओहोटी होती. माझी होडी गाळात एका कुशीवर कलंडलेली, काठावरून खाली, पार खाली. शिडी लावली ती अधांतरी लोंबली.

बियाज्यो काकांना राहवलं नाही. "काय रे, होडी बांधलीस की पुरलीस?"

अदेलीना काठाशी वाकली, पाय पुढे केला आणि मागे घेतला. "इथून माझा पोरगा उतरणार?"

मी म्हटलं, "ताई, पाणी उतरलंय जरा. येईल परत. माझ्या जबाबदारीवर सांगतो, काही होत नाही. पन्नास वर्षं मी इथे..."

तितीना पुढे झाली. पिशवीतून टेप काढली, गुडघ्यावर बसली, सोडली. वाचली. परत सोडली, परत वाचली. मग म्हणाली, "एक मीटर अडतीस."

"कागदावर एक मीटर दहा आहे," कोलांजेलो बाई म्हणाल्या. "हा आकडा कुणी घेतला?"

"मी," तितीना म्हणाली. "कागद माझा आहे. चूक माझी."

"तुम्ही घेतलात?"

"कागदावर सही माझी आहे, बाई."

मी लोंबती शिडी वर ओढायला लागलो. बियाज्यो काका जाळ्यात मान घालून बसले. अदेलीना म्हणाली, "ऐंशी सालच्या भूकंपाआधी आमच्या मामालाही गवंडी म्हणाला होता, घर पक्कं आहे. मामी आणि दोन पोरं गेली त्याची. मला आकडे समजत नाहीत, बाई. पण एक खोटा निघाला तर बाकीचे कसे धरायचे?"

कोलांजेलो बाईंनी वही मिटली. म्हणाल्या, उद्या सकाळी नऊला पालकांची सभा आहेच. चोवीसपैकी सोळा सह्या झाल्या तर सहल, नाही तर विषय बंद.

स्पगेटी कुणी खाल्ली नाही. त्या दोघी बसमध्ये जाऊन बसल्या. तितीना जरा मागे राहिली. मला वाटलं आता ओरडेल. तिने माझ्या शर्टाची कॉलर सरळ केली, लहानपणी आई करायची तशी, आणि म्हणाली, "दोन रात्री, दादा."

आणि गेली.

मी गाळात उतरून होडी सरळ करत बसलो. काका वरून म्हणाले, "सोड ती होडी. पोरीच्या इभ्रतीवर बेतलंय तिथं."

"मला माहीत नाही का?"

"माहीत असतं तर इथे चिखलात काय करतोयस?"

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या पहिल्या गाडीने मी नेपल्सला गेलो, तिथून बसने वर. तितीनाला कळवलं नव्हतं. पाचवी सोडल्यापासून मी शाळेच्या दारात पाऊल ठेवलं नव्हतं. वर्गात पालक पोरांच्या छोट्या खुर्च्यांवर बसले होते, गुडघे छातीला लावून. तितीना फळ्याजवळ उभी होती. मला बघून तिने हातातला खडू खाली ठेवला. भिंतीवर तो आलेख होता, एक रेघ चढती, एक सपाट. सपाट रेघेखाली पोरांनी रंगीत खडूने होडी काढली होती.

कोलांजेलो बाई म्हणाल्या, "तुम्ही इथे?"

मी पालकांकडे वळलो. "प्रोकोलो. तितीनाचा मोठा भाऊ. आकडे मी दिले. तिने नाही."

मग मी सांगितलं. एक मीटर अठरा झालं तेव्हा काय केलं, आणि नंतरही दर रविवारी टेप सोडून खरा आकडा वाचायचो आणि फोनवर दुसराच सांगायचो, ते. खरे आकडे मला पाठ होते, महिन्यामहिन्याचे. ते म्हणून दाखवले. पोरं तिथे असती तर वहीत लिहून घेतले असते त्यांनी. आयुष्यात इतक्या वेळा इतक्या लोकांसमोर बोललोय, पण स्वतःचं खोटं असं मोजून कधी दाखवलं नव्हतं.

मागून एक बाप म्हणाला, "मग जमीन चढतेय ना? तुमच्याच तोंडाने सांगा."

"चढतेय," मी म्हटलं. "पाणी आहे तिथंच आहे."

तितीनाने माझ्याकडे बघितलं.

अदेलीना उठली. "तुम्ही राहता तिथे. घाबरत नाही?"

"घाबरतो, ताई. बायको दाराशी पिशवी भरून ठेवते. पण पोरांचं म्हणाल तर माझं ऐकू नका. हिचं ऐका. बस कुठल्या तोंडाने उभी करायची हे हिने लिहिलंय. मी नुसता रंग दिला होडीला."

कुणीतरी हसलं, पण थोडंच. मग तितीना बोलली, दहा मिनिटं, त्या बारीक आवाजात. धोका नाही असं ती एकदाही म्हणाली नाही. काय होऊ शकतं, झालं तर कोण कुठे धावेल, आणि कुठला इशारा आला तर ती स्वतःच सहल रद्द करेल, एवढं सांगितलं. धक्का आणि होडी सहलीतून काढल्याचं सांगितलं. माझ्याकडे न बघता सांगितलं.

कागद फिरला. काही जण सही न करताच उठून गेले. अदेलीनाने पेन हातात धरून बराच वेळ घालवला, मग सही केली. कोलांजेलो बाईंनी दोनदा मोजल्या. सतरा.

वर्ग रिकामा झाल्यावर तितीनाने सहलीचा कागद टेबलावर पसरला. "अकरा वाजता: धक्का, बंधूंची होडी." तिने लाल पेन घेतलं. मी म्हटलं, "नीट खोड. दिसायला नको कुणाला."

"खोडलेलं वाचता आलं पाहिजे, दादा," ती म्हणाली. पट्टी ठेवून तिने त्यावर एकच बारीक रेघ मारली, बाजूला लिहिलं, एक मीटर अडतीस, आणि तारीख घातली.