हत्तिणीच्या कानावरचे ठिपके

पेणला आमचा गणपतींचा कारखाना. सोंड तर मी डोळे मिटून रंगवीन. पण लग्न होऊन इथे आले तेव्हा खरा हत्ती काही पाहिलेला नव्हता, आणि आपल्याला सगळं कळतं ही ऐट मात्र भरपूर.

एकदा नदीवर एक माहूत हत्ती घेऊन उतरला. मी ताट घेऊन धावले आणि "बाप्पा" म्हणत थेट पायांवर वाकले.

"वहिनी, ही बाई हाय," माहूत म्हणाला.

सुळे दिसेनात, तर मला वाटलं कुणी कापून नेले. आपल्याकडच्या हत्तिणींना बाहेर दिसण्याजोगे सुळे नसतात, हे परवा नातीने फोनवर दाखवलं तेव्हा कळलं. हत्तिणीने सोंडेच्या टोकाला असलेल्या एकुलत्या एक बोटाने ताटातलं केळं अलगद उचललं. कुंकवाचा कण सांडला नाही. ताट पाडलं ते मी.

तिच्या कानांवर, सोंडेवर गुलाबी ठिपके होते. मी कळवळून म्हटलं, "कोड आहे हो बिचारीला. काही लावता की नाही?"

"वय झालं की फुलतात तसे. आजार न्हाय."

मग ती नदीत मनसोक्त डुंबली, वर आली आणि सोंडेने अंगावर धूळ उडवू लागली. उन्हापासून, माश्यांपासून कातडी जपायची त्यांची ती रीत. मला कुठलं ठाऊक? "अगं, आत्ताच न्हालीस ना," म्हणून मी तिच्यावर डाफरले. पुढची सोंडभर धूळ माझ्या नव्या लुगड्यावर आली.

यंदा नातीला बघायला अलिबागकडची मंडळी यायची होती. तिच्या हातांवर आणि ओठाच्या कडेला कोडाचे डाग आहेत. माझा मुलगा मला म्हणाला, "आई, तिला तेवढं डाग झाकायचं क्रीम लावायला सांग. पुढचं पुढे बघू."

"मी लावणार नाही," नात आतूनच म्हणाली.

मी समोरच्या गणपतीच्या एका कानावर पातळ गुलाबी रंगाचे ठिपके टाकत बसले.

"आई, हा आता कोण घेणार?"

"नाही घेतला तर घरात बसेल. घरातल्याला कोण बाहेर काढतंय?"

पाहुणे आले. नवऱ्या मुलाच्या आईची नजर नातीच्या हातांवरून त्या मूर्तीवर गेली. "आजी, इथे रंग उडालाय का?"

"उडाला नाही. हत्तीच्या कानाला असे ठिपके येतात, वय वाढेल तसे वाढतात. माझ्या नातीचं तसं नाही. तिला कोड आहे. वाढेल की थांबेल, सांगता यायचं नाही. चहा तिनेच केलाय, त्याच हातांनी. गार होतोय, घ्या."

फोनवर नकार आला. माझ्या मुलाने फोन खाली ठेवला. "तू जरा तोंड आवरलं असतंस तर."

"तर पोरीने जन्मभर घाम पुसायचा नाही, होय ना? क्रीम निघेल म्हणून."

नात ब्रश घेऊन त्या गणपतीपुढे जाऊन बसली. "आजी, याचा दुसरा कान राहिलाय."

"मग काढ की," मी म्हटलं. "आणि चांगले ठसठशीत काढ. रस्त्यावरून दिसले पाहिजेत."