शिट्टीमास्तरांचं टेन्शन

गाडी शिकवणाऱ्या मास्तरांना सगळी वस्ती शिट्टीमास्तर म्हणायची. मास्तर तोंडाने शिट्टी वाजवत नसत हो, वाजवायची ती त्यांची गाडी! किल्ली फिरवली की बॉनेटखालून अशी किंचाळायची की शिकणारी मंडळी अर्धा चहा टाकून फाटकात हजर. मास्तरांना त्याचा कोण अभिमान!

त्यांचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, गॅरेजवाला. त्याने आवाज ऐकताक्षणी सांगितलं होतं, "दाजी, बेल्ट घसरतोय. टेन्शनर गेलाय तुमचा."

"बरंच झालं की! आपण टेन्शन घेतच नाही मुळी."

विद्यार्थी रिव्हर्समध्ये भिंतीवर निघाला तरी मास्तर शेजारी बसून हेच सांगायचे, टेन्शन घ्यायचं नाही. मेहुण्याने कपाळाला हात लावला. "अहो, टेन्शनर म्हणजे स्प्रिंगवरची चाकी. ती बेल्ट ताणून धरते. त्या एका बेल्टवर बॅटरीचं चार्जिंग, स्टिअरिंग, इंजिन गार ठेवणारा पाण्याचा पंप, सगळा संसार चालतो. तो तुटला आणि तुम्ही तशीच दामटलीत, तर इंजिन कामातून जाईल."

मास्तरांनी 'हो हो' केलं, आणि पुढच्या वेळी मेहुणा यायच्या आत बेल्टवर आंघोळीचा साबण घासून ठेवला. शिट्टी गप्प, जेमतेम मेहुणा जाईपर्यंत. आता या माणसाला काय म्हणावं?

अर्ध्या वस्तीला गाडी शिकवली, पण बायकोने विषय काढला की यांचं ठरलेलं, "मी आहे ना!" ती नर्स. खेड्यांतून फिरत्या दवाखान्याची गाडी नेण्याचं काम तिला मिळत होतं, पण लायसन्सची परीक्षा पहिल्याच फटक्यात पास झाली तरच. नाहीतर ती जागा दुसरीला जाणार होती. तिने हट्टाने मास्तरांकडूनच गाडी शिकून घेतली, आणि परीक्षेच्या सकाळी स्वतःच चालवत निघाली. मास्तर शेजारी.

चढावर 'फट्' झालं आणि शिट्टी थांबली.

"बघ, आपोआप बरी झाली!" मास्तर खूश.

"अहो, बरी कसली! स्टिअरिंग वळता वळेना. बॅटरीचा लाल दिवा लागलाय. आणि तो गरमीचा काटा बघा कुठे चाललाय!"

"टेन्शन घेऊ नकोस. एवढा चढ गेला की आलंच."

तिने गाडी कडेला घेतली आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. "तुम्ही घेत नाही, म्हणून तर मला घ्यावं लागतं!"

तिने फोन केल्यावर मेहुणा आपली गाडी घेऊन धावत आला. बॉनेट उघडलं तर बेल्टच्या चिंध्या आणि टेन्शनरची चाकी लुळी पडलेली. "ताईने लगेच बंद केली म्हणून इंजिन वाचलं. चल ताई, माझ्या गाडीत परीक्षा दे." दोघं गेले, मास्तर आपल्या गाडीपाशी उरले.

आणि मग त्यांची जी काही गत झाली! परकी गाडी, क्लच कडक, हिला जमेल का? फोन करावा तर परीक्षा चालू असेल. नखं कुरतडून झाली. कुठलीही गाडी वाजली की उठायचे, पुन्हा बसायचे. मेहुण्याची गाडी इतकी गुपचूप चालायची की पुढ्यात येऊन थांबली तेव्हाच त्यांना दिसली. चालवत होती बायको.

"पास!" मेहुणा ओरडला.

मास्तरांचे डोळेच भरून आले. "अगं, किती वेळ! जीव टांगणीला लागला होता माझा."

"दाजी, टेन्शन घेतलंत की काय?"

मेहुणा हसला, ती हसली नाही. "मी रोज घेते. दिवसभर नवशिक्यांच्या हातात जीव देऊन बसता तुम्ही. संध्याकाळी फाटकाशी ती शिट्टी वाजली की माझा जीव भांड्यात पडतो."

एवढ्या वर्षांत हे मास्तरांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्याच दिवशी नवा बेल्ट बसला, नवा टेन्शनरही. गाडी मुकी झाली. आता शिकणाऱ्यांसाठी हॉर्न वाजवावा लागतो, आणि शेवटचा विद्यार्थी सोडला की मास्तर आधी घरी फोन लावतात, "निघालो गं." पण पुष्कळदा बायकोच अजून खेड्यांतून परतलेली नसते. मग मास्तर फाटकात उभे राहतात, रस्त्याकडे कान लावून.

दवाखान्याच्या गाडीला एखादी शिट्टी बसवता येईल का, असं परवा त्यांनी मेहुण्याला हळूच विचारलं म्हणे.