पिवळा मासा आणि रंगारी मॅडमची मन्नू

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, म्हणजे मला मध्ये मध्ये थांबावं लागणार नाही. गोंदियासारख्या गावात, जिथून कुठलाही समुद्र गाठायचा तर रेल्वेत डबा घेऊनच बसावं लागते, तिथे रंगाच्या दुकानावर बसणाऱ्या माणसाने घरात समुद्र आणायचं काही कारण होतं का? नव्हतं. पण दहा-बारा वर्षांपूर्वी आम्ही एका लग्नाला विशाखापट्टणमला गेलो आणि तिथल्या हॉटेलात मी खाऱ्या पाण्याचा टँक पाहिला. वरून पूर्ण उघडा. झाकण नाही, काही नाही. वाकून पाहिलं की खाली जिवंत प्रवाळ फुलांसारखे हलून राहिले. जेवणाची पंगत उठली तरी मी तिथेच उभा होतो.

परत आल्यावर मी तसाच टँक बैठकीत मांडला. नागपूरहून समुद्राचं मीठ आणलं, रेती आणली, दगड आणले. आता या टँकचं असं असते की पाणी तयार व्हायलाच कित्येक आठवडे लागतात. तोवर आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा खाऱ्या पाण्यातले दगड पाहून गेला. सुनीता, म्हणजे आमची बायको, त्यांना चहा देता देता सांगायची, "सध्या दगडच पाळले आहेत."

पुढे प्रवाळ लागले, केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन मासे आले, आणि मला तिसऱ्या माशाचे वेध लागले. मासा निवडायचा म्हणजे सोपं काम नाही. प्रवाळ खाणारा नको. भांडखोर नको. आणि टँक वरून उघडा, म्हणून उडी मारणारा तर नकोच. मी इतकी चौकशी करून राहिलो होतो, की सुनीता म्हणाली, माझ्या बहिणीसाठी मुलगा पाहतानासुद्धा आम्ही एवढं पाहिलं नव्हतं.

नागपूरच्या दुकानात प्रत्येक माशात एक खोट निघाली. दिसायला सर्वांत देखणा तो प्रवाळ कुरतडणारा. निळाशार होता तो चावरा. एक बिचारा साधा वाटला, तर म्हणे रोज बाहेर पडतो. शेवटी कोपऱ्यात एक पिवळा मासा दिसला. बोटाएवढा, हळदीच्या रंगाचा. दुकानदार हिंदीत म्हणाला की हा शरीफ आहे, प्रवाळाला तोंड लावत नाही, फक्त घाबरला तर… आणि तेवढ्यात माझा फोन वाजला. एका गिऱ्हाइकाच्या बंगल्याची मागची भिंत आणि पुढची भिंत वेगळ्या रंगाच्या निघाल्या होत्या. मी त्याला समजावत होतो, दुकानदार मला समजावत होता, आणि मी दोघांनाही मान हलवून हो म्हणत होतो. त्यातून मला "उछलता है" आणि "जाली लगाना" एवढंच ऐकू आलं. जाळी येत्या रविवारी लावू म्हटलं आणि मासा घेऊन निघालो.

गाडीत थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन बसलो. दुपारी घरी पोचलो, पिशवी टँकमध्ये तरंगत ठेवली, थोडं थोडं पाणी मिसळलं, सगळं नियमाने केलं. मासा सोडला. त्याने एक चक्कर मारली. काय दिसला म्हणून सांगू! मी पळतच गच्चीवर गेलो. सुनीता तिथे कपडे वाळत घालत होती. तिला हात धरून खाली आणलं.

टँकमध्ये केशरी दोघेच होते.

"कुठे आहे?" तिने विचारलं.

"आत्ता तर होता."

तिने शांतपणे विचारलं की गाडीत झोप लागली होती का.

मी दगडांमागे पाहिलं, सोफ्याखाली पाहिलं, पायपुसणं झटकलं. तेव्हा मला फरशीवर पाण्याचा ओघळ दिसला. टँकपासून निघालेला, थेट खिडकीपर्यंत. आणि खिडकीत कोण? शेजारच्या रंगारी मॅडमची मांजर, मन्नू. पंजा चाटत बसलेली. तुम्हीच सांगा, यापेक्षा जास्त पुरावा काय पाहिजे? पिशवी हातात धरून मी स्वतःच खिडकीजवळून टँककडे आलो होतो आणि पिशवी गळत होती, हे तेव्हा डोक्यात कशाला येते?

रंगारी मॅडम म्हणजे निवृत्त शिक्षिका. मला आठवीत त्यांनीच गणित शिकवलं, आणि आता आमची पोरगी प्रिया दहावीला होती, तर तिलाही संध्याकाळी प्रेमाने शिकवायच्या. एकट्या राहतात. घरात त्या आणि मन्नू. मी तणतणत त्यांच्या दारात गेलो आणि तुमच्या मांजरीने माझा मासा खाल्ला असं सांगितलं.

मॅडमने चष्मा काढला. "प्रदीप, तू तिला खाताना पाहिलं का?"

"पाहिलं नाही, पण उत्तर तेच येते मॅडम."

"पायऱ्या न मांडता उत्तर लिहायची तुझी सवय आठवीपासूनची आहे."

आता इथे गप्प बसून घरी यायचं की नाही? पण शेवटचा शब्द आपला पाहिजे ना. मी म्हणालो, तो काही आपल्या तळ्यातला मासा नव्हता, समुद्रातला होता, दुकानवाले त्या पाण्यात काय काय औषधं टाकतात देव जाणे, तेव्हा मांजरीकडे लक्ष ठेवा. एवढं बोलून मी वळलो. मागे मॅडमचा चेहरा पांढरा पडला, तो मी पाहिलाच नाही.

त्या तशाच मन्नूला पिशवीत घालून ऑटोने जनावरांच्या डॉक्टरकडे गेल्या. त्या डॉक्टरचा सगळा जन्म म्हशी-बकऱ्यांत गेलेला. समुद्राचा मासा खाल्लेली मांजर त्याच्याकडे पहिल्यांदाच आली. त्याने विचार करून, धोका नको म्हणून, पोट साफ व्हायचं औषध दिलं. पुढे मॅडमच्या घरात, त्यांच्या नव्या सोफ्याच्या कव्हरवर जे झालं, ते मी चहा पिताना सांगत नाही.

गल्लीत दोन पक्ष पडले. बातमी चौकात पोचेपर्यंत मासा हातभर लांब झाला होता. दुकानावर एक म्हातारं गिऱ्हाईक लाल रंगाचा डबा घ्यायला आलं, ते आधी मांजर वाचली का म्हणून विचारून राहिलं. इथवर मी सहन केलं. पण दुसऱ्या दिवशी प्रिया वही घेऊन गेली तशीच परत आली. मॅडमने सांगितलं होतं, काही दिवस येऊ नको, मन्नूला बरं नाही.

परीक्षा तोंडावर. सुनीताने माझ्याशी बोलणं कमी केलं. बोलली ती एवढंच, की मासा गेला, मॅडम गेल्या, आता उरलेल्या दोघांना तरी सांभाळा.

तेवढ्यात दवनीवाड्याहून आमचे मामाजी आले, म्हणजे सुनीताचे वडील. घरचे तांदूळ घेऊन. टँकवर वाकून त्यांनी विचारलं, "जावईबापू, हे पाळून राहिले का खाऊन राहिले?"

मी सगळी हकीकत सांगितली. मला वाटलं, आपल्या बाजूने बोलतील. ते म्हणाले, "वरून उघडं तुमी ठेवलं, मंग मांजरीवर कायले चिडता? बाईले घरी बोलवा. पोरीचं वरीस आहे."

मी गेलो. दोन्ही हात जोडले. मॅडम आल्या, पण फक्त प्रियासाठी, हे त्यांनी दारातच सांगितलं. मन्नूला आणलं नाही. सुनीताने चहा-पोहे ठेवले. मी घसा साफ केला आणि बोलायला लागलो. माझा आवाज चढला, ते चुकलं, मी म्हणालो. मॅडमने मान हलवली. तिथे थांबलो असतो तर माणूस म्हणून वाचलो असतो. पण मला फार मोठं मन दाखवायचं होतं ना. मी म्हणालो, "आणि मॅडम, मन्नूलाही मी माफ केलं आहे."

टँकजवळ उभे असलेले मामाजी हळूच म्हणाले, "जावईबापू, रेती हालून राहिली."

सगळे उठून पाहायला गेले. तळाची रेती थोडी उचलली गेली. आतून एक पिवळं तोंड बाहेर आलं. मग डोळा. मग अख्खा मासा. त्याने अंग झाडलं, रेती उडवली आणि झोपून उठल्यासारखा टँकमध्ये फिरायला लागला.

मॅडमने चष्मा पुसला, घातला, वाकून पाहिलं. "हाच का तो?"

आता मी काय म्हणावं? मी म्हणालो, "दुसराही असू शकतो."

सुनीता पोह्यांची प्लेट घेऊन आत निघून गेली. आतून तिचं हसू ऐकू आलं, मग प्रियाचं, आणि मामाजी तर उपरण्यात तोंड घालून हलून राहिले होते.

मी नागपूरला फोन लावला. दुकानदार म्हणाला, भाईसाब, सांगितलं तर होतं, हा घाबरला तर वर उडी मारतो, नाहीतर खाली रेतीत शिरतो, नव्या जागी कधी कधी कित्येक दिवस बाहेर येत नाही. म्हणजे त्याच्या वाक्याची वरची बाजू मी घेतली होती आणि खालची बंगल्याच्या भिंतीवर गेली होती. त्याच संध्याकाळी मी टँकवर जाळी बसवली आणि वाटीभर दूध घेऊन मन्नूला भेटायला गेलो. माझा आवाज ऐकूनच ती पलंगाखाली शिरली.

प्रियाची शिकवणी पुन्हा सुरू झाली. पहिल्याच दिवशी ती हसत हसत घरी आली. मी विचारलं, काय शिकवलं? तर म्हणाली, मॅडमने सांगितलं, गणित सुटत नसेल तर उत्तर कुठे असू शकते ते आधी पाहा. तुझ्या बाबांनी मासा शोधायला पाणी सोडून सगळं गोंदिया पालथं घातलं.