घोटभर पाण्याचा फोटो

एप्रिलात वारा पडला की मालवणात सकाळीच अंगावर ओला पंचा टाकल्यासारखं होतं. सुगंधाने स्टुडिओचं शटर वर केलं, पंखा लावला आणि तांदळाच्या डब्यातून फडक्यात गुंडाळलेला कॅमेरा बाहेर काढला. खाऱ्या हवेत भिंगाला बुरशी धरते, तांदूळ ओल ओढून घेतो. मग तिने पांढरा पडदा ताणला, आरसा पुसला, खुंटीवरचा काळा कोट झटकला. कोट स्टुडिओचाच. बोटीवर नोकरीला गेलेले कितीक जण फोटोपुरते त्याच कोटात शिरून गेलेत.

नवरा गुरुप्रसाद लग्नांचं काम करतो. ड्रोन उडवतो, जाडजूड अल्बम बनवतो. बायकोच्या पासपोर्ट-व्हिसाच्या फोटोंना तो 'टिकलीएवढे फोटो' म्हणतो. सुगंधा हसून ऐकून घेते आणि फिरून सांगते, "तुमचो अल्बम कपाटात बसता. माझो फोटो माणसाबरोबर बोटीर चढता."

पंखा लावून ती टेकते न टेकते तोच तारकर्लीच्या ओंकारची रिक्षा दारात उभी राहिली. आत त्याची काकी, तुळसा. सारा जन्म खाडीच्या खडकांवर बसून शिंपले फोडून कालवं काढण्यात गेला. लेक आकांक्षा मस्कतला, बाळंतपण तोंडावर आलेलं. काकीचा पासपोर्ट तयार होता, पण व्हिसाचा अर्ज परत आला होता: फोटो पासपोर्टातल्या बाईशी जुळत नाही. तो फोटो ओंकारने मोबाईलवर काढलेला. मोबाईलने आपल्या मनाने काकीचा रंग उजळला, डोळे मोठे केले आणि कपाळावरचं गोंदण पुसून टाकलं. आता पुन्हा अर्ज फिरला, तर बाळ आधी येणार आणि आजी मागाहून.

"ह्या वेळेक तरी माका नीट गोरी कर गो," तुळसाकाकी स्टुलावर बसत म्हणाली. "मस्कतात चेडवाचे शेजारी काय म्हणतीत?"

"गोरी करतंय. मगे थंयचो सायेब इचारतलो, ही गोरी बाय कोण आणि पासपोर्टातली काळी खंय गेली?"

ओंकार हसला. काकीने त्याच्याकडे असं बघितलं की तो बाहेर रिक्षाचं सीट पुसायला गेला.

सुगंधाने तिच्या कपाळावरचा घाम टिपला, पदर खांद्यावर घेतला, कान मोकळे केले. दिवा लावला. काकीचे डोळे मिटले. पाण्यावरच्या उन्हाकडे बघून बघून ते बारीकच राहिले होते, त्यात हा दिवा.

"डोळे उघड."

"उघडेच आसत."

"माका दिसनत नाय."

"मगे तुझो कॅमेरो आंधळो."

चार-पाच वेळा तसंच झालं. ओंकार दारातून म्हणाला, "वयनी, माझ्या फोटोतले डोळे काढून ह्येच्यात लाव. कम्प्युटरात सगळां होता."

होतं खरं. तिला ते चुटकीसरशी जमलं असतं. पण सुगंधाचा एक नेम आहे: आजचं आलेलं पुसायचं, जन्माचं आहे ते ठेवायचं. घाम, सावली, कपड्याचा धागा हे आजचं. डोळे जन्माचे.

"डोळे उसने घेवचे नसतत," ती म्हणाली. "एकदा तुझ्या मोबाईलान घेतल्यान, काय झाला बघलंस ना?" मग काकीकडे वळली. "पासपोर्टाच्या वेळेक कसे गो उघडलंस?"

"थंय तो सायेब माझ्यार वराडलो."

सुगंधाने मान डोलावली. असं ओरडणं तिलाही जमलं असतं, पण ही इथे उलट वराडली असती आणि तोंड मिटलेलं हवं होतं. तिने तांब्या आणला.

"तोंडात घोटभर पाणी धर. गिळू नको."

"कित्याक?"

"धर मगे."

काकीने पाणी तोंडात धरलं. सुगंधा कॅमेऱ्यामागे गेली आणि सहज बोलल्यासारखी बोलली, "काल बाजारात सावित्री सांगी होती, तुळसाची कालवां आताशी बारकी येतत. वाटाण्याएवढी."

सावित्री म्हणजे बाजारात काकीच्या शेजारी कालवं विकणारी. तुळसाकाकीचे डोळे टक्क उघडले. तोंडात पाणी, बोलायची सोय नाही. कॅमेरा वाजला.

पाणी गिळल्याचा आवाज ओंकारला बाहेर ऐकू गेला. त्यामागून आलं, "सावित्रीक कालवां कळतत? तिच्या वाट्यात मास कमी नि कवचीच जास्ती."

कम्प्युटरवर सुगंधाने चेहरा मोठा करून बघितला. हनुवटीखालची सावली काढली, पडद्याचा पिवळेपणा घालवला. केसांत कवचीचा बारीक कण चमकत होता. तो आजचा, तो पुसला. गोंदणाला हात लावला नाही. उन्हाने रापलेली, कोणालाही न भिणारी एक बाई तिच्याकडे रोखून बघत होती. सुगंधाने गुरुप्रसादला मुद्दाम बोलावून दाखवलं. त्याने वाकून चेहरा आणखी मोठा केला, गोंदण बघितलं. "ही काय टिकली नाय," तो म्हणाला.

व्हिसा आला. निघायच्या आदल्या दिवशी तुळसाकाकी डबाभर सोललेली कालवं घेऊन स्टुडिओत हजर.

"फोटो बरो इलो. पण माका एक सांग. सावित्री तसां खराच बोलली?"

"नाय गो. त्या फोटोत खोटा काय तां तेवढांच."

काकीने डबा तिच्यापुढे सरकवला. "बघ तर, वाटाण्याएवढी आसत काय."

ती गेल्यावर सुगंधाने खुंटीवरचा कोट उतरवला. कॉलरला कोणाकोणाच्या मानेचा घाम लागला होता; तोही आजचाच, पुसायचा. बादलीत पाणी घेऊन ती कॉलर चोळायला बसली.