सवयींच्या रकान्यात ‘निल’

“लागला बघ परत यांचा गिझर. मुलगा आंघोळ करतोय की स्वतःला उकडून घेतोय?”

शेजारच्या काकू त्यांच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना सांगत होत्या. मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये दोन घरांच्या संडास-बाथरूमच्या खिडक्या एकाच डक्टमध्ये उघडतात. त्यामुळे एकमेकांचं सगळं ऐकू येतं आणि सगळे ऐकू न आल्यासारखं वागतात. मावशी हसल्या. मी बेसिनपाशी दात घासत होते. तोंडात फेस तसाच धरून उभी राहिले, कारण थुंकले असते तर मी ऐकतेय हे त्यांना कळलं असतं.

उकडून घेणारा मुलगा म्हणजे माझा दादा. सकाळचे सात वाजले होते आणि उठल्यापासूनची ही त्याची तिसरी आंघोळ होती. आधी उलटीचा आवाज, मग पाण्याचा, मग बराच वेळ नुसता पाण्याचाच. दाराबाहेर आई आमसुलाच्या पाण्याचा पेला घेऊन उभी. पाणी थांबलं की ती दारावर टकटक करायची, आणि तेवढ्यात ते परत सुरू व्हायचं.

दादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, अठ्ठावीसचा. जाहिरातींसाठी ॲनिमेशन करतो, बहुतेक घरूनच. गेल्या आठ महिन्यांत तो इतका उतरला होता की बाबा त्याचा पट्टा घेऊन नाक्यावरच्या चांभाराकडे दोनदा नवं भोक पाडायला गेले. महिन्यातून चार-पाच दिवस हे असे यायचे. मग दोन-तीन आठवडे तो अगदी बरा असायचा, बाहेरून मिसळ मागवायचा, आणि आई म्हणायची, गेलं एकदाचं पित्त.

आमच्या घरात फॉर्म मी भरते. पाचवीत असल्यापासून. बाबांनी सगळी नोकरी सरकारी ऑफिसात काढली, पण शिकले मराठी शाळेत, आणि इंग्रजी फॉर्म समोर आला की आजही तो माझ्याकडे सरकवतात. तुझं इंग्लिश चांगलं, म्हणतात. दादाही माझ्याच इंग्रजी शाळेतला, पण त्याचं अक्षर त्याचं त्यालाच लागत नाही. बँकेचं केवायसी, गॅसचं कनेक्शन, आईच्या गुडघ्याचा एमआरआय, सगळीकडे माझं अक्षर आहे. मला ते आवडायचंही. फॉर्मशी बोलावं लागत नाही. रकाना जेवढं विचारेल तेवढंच सांगायचं.

हॉस्पिटलच्या फॉर्मवर सवयींचा एक रकाना असतो. सिगारेट, दारू, तंबाखू, इतर. फॅमिली डॉक्टरांच्या गोळ्या संपल्या आणि त्यांनी पोटाच्या डॉक्टरांकडे पाठवलं, तेव्हा पहिल्यांदा मी त्या रकान्यावर पेन टेकवून थांबले. दादा शेजारच्या खुर्चीत पोट धरून बसला होता. त्याने फॉर्मकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आईने विचारलं, काय विचारतायत? म्हटलं, व्यसन आहे का.

“छे गं. सुपारीसुद्धा खात नाही तो.”

मी लिहिलं, निल. छोटासा, स्वच्छ शब्द. पुढे एंडोस्कोपीच्या फॉर्मवर निल, सोनोग्राफीच्या फॉर्मवर निल. नंतर मी आधीच्या कागदावरून नुसतं उतरवत गेले.

मला सगळं माहीत होतं. तो कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असल्यापासून. तेव्हा वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधलेली गांजाची पुडी असायची, बिया आणि काड्यांनी भरलेली, आणि तो ती माझ्या भूगोलाच्या ॲटलासवर निवडत बसायचा, आई तांदूळ निवडते तसा. आता छोट्या गोल डबीतून येतं. हिरवंगार, चिकट, इंग्रजी नाव असलेलं. उग्र इतकं की डबीचं झाकण उघडलं तरी पॅसेजपर्यंत समजतं. घरून काम सुरू झाल्यापासून तो सकाळी चहाच्या आधीच गॅलरीत जायला लागला. आई देवपूजेत असायची. मी उदबत्ती जरा लवकर लावायला लागले, इतकंच. आईला वाटायचं, पोरगी देवाला लागली.

हे काही जगावेगळं नाही, असं तो म्हणायचा, आणि ते खरंही होतं. माझ्या ऑफिसात अंधेरीला दोन मुली झोप लागत नाही म्हणून घेतात आणि कॅन्टीनमध्ये त्याबद्दल बदामाच्या दुधाबद्दल बोलावं तशा बोलतात. एका मैत्रिणीच्या घरी मीही एकदा ओढलं होतं. दोन झुरके. नंतर तासभर माझं हृदय कानात वाजत होतं आणि मी तिच्या फ्रिजवरचे मॅग्नेट मोजत बसले होते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

दादाकडे कायद्याचं भाषण तयार असायचं. ऑफिसच्या ट्रिपला तो बँकॉकला जाऊन आला होता. तिथे दुकानात काचेच्या बरण्यांत ठेवतात म्हणे, लोणच्यासारखं, आणि पावती देतात. जर्मनीत घरच्या कुंडीत लावायला परवानगी. आणि इथे एकाच झाडाचं पान चालतं, फूल चालत नाही. “होळीला गच्चीवर सेक्रेटरी काका थंडाईतून काय पितात गं? तुळशीचा काढा?” हे तो दर वर्षी म्हणायचा आणि मी दर वर्षी हसायचे. आपल्या राज्यात भांगेलाही परवाना लागतो हे मी नंतर कुठेतरी वाचलं. बँकॉकवाल्यांनीही मग डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही असं ठरवलं, आणि तिथून बॅगा भरून आणणारे इथे विमानतळावर पकडले जातात हे तर पेपरात अधूनमधून येतंच. त्याला यातलं काहीच ऐकवलं नाही. वाद घालायला जोर लागतो.

गरम पाण्याचं मात्र माझ्या डोक्यातून जाईना. पित्ताच्या माणसाला गार दूध हवं असतं. हा कढत पाण्याखाली तासतास उभा राहायचा, बाहेर आला की दहा मिनिटं माणसात असायचा, आणि मग परत आत. एके दिवशी ऑफिसच्या डेस्कवर डबा खाता खाता मी उलट्या, गांजा आणि गरम पाणी हे तीन शब्द एकत्र टाकून शोधलं. अमेरिकेतले, कॅनडातले लोक स्वतःबद्दल लिहीत होते. वर्षानुवर्षं रोज ओढलं, मग एका सकाळी उलट्या सुरू झाल्या, कढत पाण्याखालीच काय तो आराम. एक बाई लिहीत होती की तिचा नवरा बाथटबमध्येच झोपायचा. एकाचं पित्ताशय काढून टाकलं होतं आणि उलट्या तशाच राहिल्या होत्या. बंद केल्यावर थांबल्या, असं बऱ्याच जणांनी लिहिलं होतं. मला डब्यातली भाजी तशीच झाकून ठेवावी लागली. त्यांच्या डॉक्टरांना हे ओळखता आलं, कारण ते लोक डॉक्टरसमोर तोंड उघडू शकत होते. त्यांच्याकडे कायदा बदलला होता. आमच्याकडे माझं निल होतं.

त्या शनिवारी दुपारी, आई-बाबा एका बारशाला गेल्यावर, मी दादाला गॅलरीत फोन दाखवला. त्याने दोन ओळी वाचून परत दिला.

“उलट आहे गं. याने मळमळ थांबते. बाहेर कॅन्सरवाल्यांना देतात.”

मी म्हटलं, एक महिना बंद करून बघ. तो म्हणाला, केलं होतं, चार दिवस, झोप नाही, भूक नाही, घामाने उशी ओली. मग त्याने समोरच्या बिल्डिंगच्या रिडेव्हलपमेंटच्या पत्र्यांकडे तोंड फिरवलं. त्याच्या मनगटाचं हाड बाहेर आलं होतं. नवीन कंपनीचं ऑफर लेटर आलंय, ते सगळं तपासतात, म्हणाला. कागदावर एकदा आलं की ऑफिस वाचतं, इन्शुरन्स वाचतो, पोलीस वाचतात.

“तू बोलणार नाहीस. बोल, नाही ना?”

मी मान हलवली. मान हलवणं म्हणजे वचन नव्हे, अशी माझी लहानपणापासूनची समजूत आहे. दादाची तशी नाही.

पुढच्या सोनोग्राफीत पित्ताच्या पिशवीत दोन बारीक खडे दिसले. घरात जवळजवळ आनंदच झाला. आठ महिन्यांनी काहीतरी बोट ठेवण्यासारखं मिळालं होतं. सर्जन म्हणाले, खडे लहान आहेत, पण याचंच असावं, पिशवी काढून टाकू. बाबांनी मान डोलावली. आईने गावी मामाला फोन लावून देवाला गाऱ्हाणं घालायला सांगितलं. फोन स्पीकरवर होता. “देवाक काय सांगू ता तरी सांग,” मामा म्हणाला. आई म्हणाली, पित्त म्हणून सांग. गावचा देवही चुकीच्या कागदावर निघाला होता आणि तो कागद मीच भरला होता.

ऑपरेशन बुधवारी सकाळी होतं. मंगळवारी दुपारी आम्ही नर्सिंग होममध्ये भरती झालो. काउंटरवरच्या मुलीने क्लिपबोर्ड पुढे केला, बाबांनी न बघता माझ्याकडे दिला. नाव, वय, रक्तगट, ॲलर्जी. सवयी. दादा माझ्या मागे उभा होता. मी निल लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच आलं.

खोली दोन माणसांची होती, दुसरा पलंग रिकामा. नळाला गरम पाणी फक्त सकाळी येतं, असं सिस्टरने सांगितलं तेव्हा दादाचा चेहरा पडला. तासाभराने त्याला मळमळायला लागलं. मी खालच्या केमिस्टकडून रबरी पिशवी आणली, पँट्रीतून उकळतं पाणी भरून घेतलं. ती त्याने थेट कातडीवर धरली. टॉवेल गुंडाळू का विचारलं, नको म्हणाला. आई त्याच्या पायांवरून हात फिरवत होती. बाबा खिडकीपाशी फाईलमधले रिपोर्ट तारखेप्रमाणे लावत होते. ते आधीच लागलेले होते.

चारच्या सुमारास भूल देणाऱ्या डॉक्टर आल्या. पन्नाशीच्या, पायात रबरी चपला, दिवसभर उभं राहून दमलेल्या. त्यांनी दादाला तोंड उघडायला लावलं, मान मागे टाकायला लावली, छाती तपासली. मग पोट बघायला शर्ट वर केला आणि थांबल्या. सगळ्या पोटावर तांबूस-तपकिरी जाळी उमटली होती, भाजल्यासारखी.

हे कसलं, त्यांनी विचारलं. शेकतो ना सारखा, आई म्हणाली, गरम पाण्याशिवाय चैनच नाही त्याला. डॉक्टरांनी हं केलं, पिशवीकडे पाहिलं आणि क्लिपबोर्ड हातात घेतला.

“सिगारेट, दारू, आणखी काही? जे काही घेत असशील ते मला आत्ता सांग. भूल किती द्यायची ते त्यावर ठरतं. उद्या टेबलावर कळून मला उपयोग नाही.”

दादा छताकडे बघत होता. आईच बोलली, सुपारीसुद्धा खात नाही हो. इतक्या वेळा म्हटलं होतं तिने ते, की आता त्यात अभिमानसुद्धा उरला नव्हता, नुसता थकवा होता. डॉक्टरांचं बोट फॉर्मवरून खाली सरकत माझ्या निलपाशी आलं. तिथे त्यांनी बरोबरची खूण केली आणि पान उलटायला घेतलं.

दादाने पिशवी जरा वर सरकवली. मला दिसलं ते एवढंच: उद्या त्याच्या पोटातून काहीतरी काढून घेतील, टाके सुकतील, आई कुलदेवतेची ओटी भरेल, आणि तीन आठवड्यांनी सकाळी सात वाजता डक्टच्या पलीकडून काकू म्हणतील, लागला बघ परत यांचा गिझर. तेही तो टेबलावरून नीट उठला तर.

मी उभी राहिले. खुर्ची फरशीवर घासली, आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. दादानेही.

“मॅडम, तो फॉर्म मी भरलाय. निल लिहिलंय ते खोटं आहे. हा गांजा ओढतो. रोज, सकाळपासून. आठ वर्षं झाली.”