न धावणारे बेलीफकाका

पळणाऱ्याला न धावता पकडणारा माणूस साऱ्या कोकणपट्टीत एकच झाला, आणि तो आमच्या परसाच्या दगडी गडग्यापलीकडे राहत होता. ही गोष्ट मी आजही मान जरा ताठ करूनच सांगतो. ते दिवाणी कोर्टातले बेलीफ. मी रत्नागिरीत नवा मास्तर म्हणून लागलो तेव्हा, म्हणजे तिसाच्या सालाच्या आगेमागे, त्यांना निवृत्त होऊन दोनचार वर्षं झाली होती. पण गावाच्या लेखी त्यांची बेलिफी काही सुटली नव्हती. लहानथोर सगळे त्यांना बेलीफकाका म्हणत. काळा कोट, कोटाच्या खिशात फणसाच्या भाजलेल्या आठळ्या, डोक्यावर घट्ट बसवलेली टोपी आणि पायांत करकरणाऱ्या वहाणा अशी ती मूर्ती रस्त्याने निघाली, की अजूनही चारदोन माणसं नुसत्या सवयीने परसदाराकडे सरकत. उभ्या नोकरीत काकांनी एकही समन्स बजावल्याशिवाय परत आणलं नाही, आणि त्यापायी ते एक पाऊलही धावले नाहीत. “धावलं की दोघंही दमतात,” ते म्हणत, “आणि पळणाऱ्याला वाटायला लागतं, आपण कुणीतरी मोठे आहोत. त्याला तसं वाटू द्यायचं नाही.”

हे तत्त्व त्यांनी कोर्टापुरतं ठेवलं असतं तर काकूंचं आयुष्य पुष्कळ सुखात गेलं असतं. पण काका कशासाठीच धावत नसत. एकदा दोघं काकूंच्या माहेरी, आंजर्ल्याला लग्नाला निघाली. बंदरावर पोचायला अजून शंभरेक पावलं होती, तोच बोटीचा भोंगा झाला. बोटीपर्यंत नेणारा शेवटचा पडाव किनाऱ्यावरून सुटायच्या बेतात होता. बाकीची माणसं ट्रंका, वळकट्या, पोरं काखोटीला मारून पळत सुटली. काकूही लुगड्याचा ओचा आवरून धावल्या आणि पडावात चढल्यासुद्धा. काका मात्र आपल्या ठरल्या चालीने आले, पडाव पाण्यात वीस हात आत गेलेला पाहिला, आणि एका चिऱ्यावर बसून आठळी सोलायला लागले. काकू पडावातून ओरडत होत्या, “अहो, मी सांगत्ये, लग्न उद्या आहे!” त्यावर काकांनी शांतपणे हात हलवला. लग्न काकूंनी एकटीनेच साजरं केलं. काका तिसऱ्या दिवशी आंजर्ल्याला पोचले, आणि उरलेले लाडू त्यांनी सावकाश खाल्ले.

पण याच सावकाशपणाची करामत पाहायची तर गुहागरच्या बागायतदाराची हकीकत ऐकायला हवी. ती मी काकांच्या तोंडून इतक्यांदा ऐकली आहे, की ते मध्ये कुठे आठळी तोंडात टाकत तेही मला पाठ आहे. या गृहस्थाचं शेजाऱ्याशी गडग्यावरून भांडण. तीन बेलीफ हात हलवत परत आले होते, कारण कोर्टाचा माणूस पाणंदीत शिरला की हे महाशय माळ्यावर चढून सुपाऱ्यांच्या पोत्यांमागे दडत आणि बायको दारात येऊन “गावाला गेलेत” म्हणून सांगे. काका गेले ते थेट ओटीवर जाऊन बसले. पाणी मागितलं, आगराचं कौतुक केलं, आणि मग बाईंना मोठ्याने म्हणाले, “तुमच्या यजमानांचीच चूक दिसते हो. गडगा सात हात पुढे सरकवलान म्हणतात.” माळ्यावर एक पोतं खसखसलं. “आणि तोही लोकांचे चिरे चोरून!” असं काका म्हणाले मात्र, वरून गर्जना झाली, “साफ खोटं! चिरे माझे, आणि हात सात नव्हेत, अडीच!” आणि पाठोपाठ डोक्याला जळमटं लागलेले यजमान शिडीवरून खाली उतरले. काकांनी त्यांच्या हातात समन्स दिलं, सही घेतली आणि वर ते त्यांच्याकडे जेवूनही आले. “आपल्याकडचा माणूस,” काका सांगत, “एक वेळ तुरुंगात जाईल, पण आपल्या हद्दीबद्दल कुणी चुकीचं बोललेलं ऐकून घेणार नाही.”

अशा या माणसाकडे कुत्रा आला तोही त्यांनी आणला नव्हता. नोकरीच्या शेवटच्या वर्षी कुठल्याशा खेड्यात समन्स बजावून ते कातळाच्या सड्यावरून परत येत होते, तेव्हा एक तांबडं, एक कान पडलेलं पिल्लू त्यांच्या मागे लागलं आणि पार घरापर्यंत आलं. काका ओटीवर बसून त्याच्याकडे कितीतरी वेळ बघत राहिले आणि काकूंना म्हणाले, “जन्मभर मला पाहून लोक पळाले. आपण होऊन माझ्या मागे आलेला हा पहिलाच पक्षकार.” त्याचं नाव पक्षकारच पडलं. आळीतल्या पोरांनी त्याचा पक्या केला. पण काका मात्र पूर्ण नावानेच हाक मारत, आणि तेही अदबीने.

आता गंमत अशी, की काकांच्या मागे आलेला हा पक्षकार पुढे जन्मभर काकांपासून पळत राहिला. दोरी कुरतडावी, दाराच्या फटीतून निसटावं, गडग्यावरून उडी मारावी आणि थेट समुद्र गाठावा, हा त्याचा आठवड्यातून दोनदाचा नेम. त्याच्या प्रत्येक पलायनानंतर काकू हातात पळी असेल तर पळी घेऊन धावत, हाका मारत, आणि तो दर हाकेला आणखी वीस हात पुढे जाई. काका मात्र त्याच्याकडे पाठ करत. तो दिसेल अशा जागी, पण त्याच्याकडे न बघता, ते मातीत बसत आणि खिशातली आठळी काढून अगदी मन लावून सोलत. एक खात, दुसरी खात. तिसरीला पक्षकार दहा हातांवर येऊन उभा राही. काका समुद्राकडे बघत राहत. पाचवी-सहावी होईतो तो त्यांच्या मांडीला नाक लावून बसलेला असे, आणि मग काका अगदी सहज, टोपी सारखी करावी तसे, त्याच्या पट्ट्यात बोट अडकवत. रागावणं नाही, चापट नाही. “आलेल्याला मारलं तर पुढच्या वेळी येईल कशाला?” हा त्यांचा सवाल होता, आणि वर्गात छडी घेऊन हिंडणाऱ्या मला तो जरा लागतच असे.

एकदा मीच हौसेने त्याच्या मागे पळालो. मी तेव्हा तेविसाचा, अंगात रग. दोन आळ्या, एक पाण्याचा पऱ्या आणि कुणाच्या तरी वाळत घातलेल्या आंबोशीच्या सुपातून पळून मी धापा टाकत रिकाम्या हाताने परत आलो, तर पक्षकार काकांच्या पायाशी झोपलेला. काका म्हणाले, “मास्तर, तू धावलास म्हणून त्याला वाटलं शर्यत आहे. आणि शर्यत तोच जिंकणार की रे.”

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, तोवर तो वैशाख आला. खालच्या आळीत एका मोळीविक्याला पिसाळलेलं कुत्रं चावलं. ते कुत्रं लोकांनी मारलं, पण ते आणखी किती कुत्र्यांना चावलं असेल, या भीतीने गाव धास्तावलं. नाक्यानाक्यावर माणसं काठ्या घेऊन बसायला लागली. पळताना दिसेल तो कुत्रा पिसाळलेला, असा सरळ हिशेब झाला. त्यातच आमच्या आळीतली दोन गरीब कुत्री, केवळ घाबरून पळाली म्हणून, काठ्यांखाली गेली. काकूंनी पक्षकाराला विहिरीवरच्या साखळीने खांबाला बांधलं आणि दिवसातून दहादा साखळी ओढून पाहायला सुरुवात केली. काकांच्या आठळ्या मात्र खिशात तशाच राहायला लागल्या, हे मी पाहत होतो.

चौथ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या ओटीवर बसलो असताना पलीकडच्या लग्नघरी कुणीतरी गरनाळाचा बार उडवला. त्या आवाजाने पक्षकाराने असा हिसका दिला की साखळीची कडी उघडली, आणि ती साखळी खणखण वाजवत तो गडग्यावरून पार! काकू धावायला उठल्या. काकांनी आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा हात धरला असेल चारचौघांत. “तू धावलीस तर लोक ओरडतील, लोक ओरडले तर तो आणखी पळेल, आणि पळाला की मेला,” ते म्हणाले. काकू तिथेच खाली बसल्या. मला मात्र राहवलं नाही. मी साखळीच्या आवाजामागे चिऱ्यांच्या रस्त्यावरून धावत सुटलो.

देवळासमोरच्या पटांगणात पोचलो तो पाहिलं ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो. बांधकामासाठी रचलेल्या चिऱ्यांची चळत आणि गडगा यांच्या कोपऱ्यात पक्षकार अडकला होता. पळून पळून तोंडाला फेस आलेला, दात विचकलेले, साखळी दगडांत गुंतलेली. समोर वीस-पंचवीस माणसं, प्रत्येकाच्या हातात काठी नाहीतर दांडकं. “फेस बघा, फेस! पिसाललाय तो!” कुणी ओरडत होतं. “मास्तर, बाजूला व्हा!” मी काय ओरडलो मला आठवत नाही. माझ्या ओरडण्याने तो जास्तच गुरगुरायला लागला, आणि पहिली काठी वर गेली.

तेवढ्यात माझ्या मागे वहाणांची करकर ऐकू आली. काका नेहमीच्याच चालीने येत होते. ते गर्दीतून वाट काढत कुत्रा आणि काठ्या यांच्या मधोमध गेले, आणि कुत्र्याकडे पाठ करून मातीत चक्क बसले. काठी वर धरलेला गडी गोंधळला. “काका, उठा, चावंल तुमाला!” तो म्हणाला. काकांनी त्याच्याकडे पाहिलं आणि रोजच्या आवाजात विचारलं, “काय रे, तुमच्या वाडीतल्या त्या फणसाचा दावा शेवटी वादीच्या बाजूनेच लागला ना? लागणारच. खोड वादीच्या हद्दीत होतं.”

मला वाटलं, काकांच्या डोक्यावर परिणाम झाला. पण काठीवाल्या गड्याचा हात हळूहळू खाली आला. “कुनी सांगितलान तुमाला?” तो म्हणाला. “खोड आमच्या चुलत्याच्या हद्दीत व्हता!”

“छे! गडग्यापासून चार हात पलीकडे,” काका म्हणाले.

“चार हात? अवो, हा बघा गडगा!” आणि त्याने हातातल्या काठीने मातीत एक लांब रेघ ओढली. तेवढ्यात लग्नघराकडून आलेले एक पागोटेवाले भिक्षुक पुढे सरसावले. “रेघ चुकली! गडगा तिथे वळतो,” म्हणून त्यांनी आपल्या काठीने दुसरी रेघ काढली. तिसऱ्याने विहीर काढली. चौथा म्हणाला, फांद्या कुणाच्या अंगणात होत्या ते विचारा. पाच मिनिटांत निम्मी माणसं उकिडवी बसून मातीतल्या फणसावर भांडत होती, उरलेली त्यांच्या खांद्यांवरून वाकून बघत होती, आणि काका दर थोड्या वेळाने काहीतरी ठार चुकीचं बोलून त्यात भर घालत होते. कुत्र्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. आणि लक्ष नाही म्हटल्यावर पक्षकाराचं गुरगुरणं थांबलं. त्याने जीभ बाहेर काढली, तो दगडांतली साखळी ओढून काढत दोन पावलं पुढे आला, थांबला, आणखी दोन पावलं आला, आणि काकांच्या पाठीला नाक लावून बसला. फणस कुणाचा हे सांगता सांगता काकांनी हात मागे नेला आणि साखळी मुठीत घेतली.

मी धावत जाऊन करवंटीत पाणी आणलं. पिसाळलेलं कुत्रं पाण्याला तोंड लावत नाही, हे सगळ्यांना ठाऊक. पक्षकाराने ती करवंटी चाटूनपुसून रिकामी केली आणि आणखी हवंय म्हणून माझ्याकडे बघितलं. माणसं ओशाळली. काठीवाल्या गड्याने काठी चिऱ्याला टेकवून ठेवली आणि कुत्र्याच्या पडलेल्या कानाला हळूच हात लावला. “गुनाचा हाय,” तो म्हणाला. मग सगळे भांडत भांडतच निघून गेले. फणसाचा निकाल त्या दिवशीही लागला नाही.

पटांगणात आम्ही तिघंच उरलो. अभिमानाने माझी छाती भरून आली होती. म्हटलं, “काका, असं बसायचं धाडस दुसऱ्या कुणाला झालं नसतं. चला, काकू वाट बघतायत.” काका उठले नाहीत. मी हात पुढे केला, तो त्यांनी धरला. तरी त्यांना उठता येईना.

“मास्तर,” ते अगदी हळू म्हणाले, “कुणाला सांगू नकोस. मी बसलो नाही रे. ती काठी वर गेलेली पाहिली आणि पायच गेले माझे. खाली पडलो ते पडलोच. जीभ तेवढी शाबूत होती, म्हणून बोलत राहिलो.”

आम्हांला घरी पोचायला बराच वेळ लागला. एका हातात साखळी, दुसरा हात माझ्या खांद्यावर, असे ते दर दहा पावलांना थांबत होते. फाटकात काकू उभ्या होत्या. त्यांनी पुढे होऊन साखळी काकांच्या हातातून काढून घेतली.

आता काका नाहीत, पक्षकारही नाही. काका मातीत कसे निर्भयपणे जाऊन बसले, ही हकीकत गावात अजून सांगतात, आणि मी आजवर मान डोलावून ती ऐकत आलो. त्यांना दिलेला शब्द आज मोडतो आहे, कारण खरी गोष्ट सांगितल्याशिवाय माझा अभिमान लोकांना पुरता कळणार नाही. निर्भय माणसाचं मला फारसं कौतुक नाही. माझ्या डोळ्यांसमोर आहे तो पाय गेलेला एक म्हातारा, जो एका तांबड्या कुत्र्यासाठी, आवाज जराही कापू न देता, पंचवीस काठ्यांसमोर फणसाबद्दल बोलत राहिला.